रूट कॅनालला साजेसं संगीत

नागोरावांची दाढ दुखायला लागली ती बुधवारी, आणि गुरुवारी दुपारपर्यंत ती वारज्याच्या मुक्ताई सोसायटीतल्या सगळ्यांची दाढ झाली. पहिल्या मजल्यावरच्या कौशल्याबाईंनी लवंगा पाठवल्या. सोसायटीचा सेक्रेटरी साईनाथ याने "काढूनच टाका काका, आता अशी किती वर्षं लागणार आहे ती तुम्हाला," असा धीर दिला. हडपसरच्या आयटी कंपनीत असलेल्या मुलाने, आनंदने, फोनवर "बाबा, नेटवर सर्च केलंत का?" असं विचारलं. नागोरावांनी अर्थातच केलं नव्हतं. दाढ ठणकत असताना माणूस गाल धरून बसतो, माउस धरून नाही.

शेवटी मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला हायवेच्या अलीकडच्या नव्या दवाखान्यात नेलं. दवाखाना डॉक्टर तनुजाचा. इमारत तिच्या वडिलांची, म्हणजे जयसिंगरावांची, आणि इमारतीखालच्या जमिनीत अगदी परवापरवापर्यंत ज्वारी होती. आता तिथे काचेचं दार होतं, रंगीत माशांची पेटी होती, आणि टेबलावर प्लास्टिकचा एक प्रचंड जबडा होता. जयसिंगराव दिवसभर बाहेरच्या सोफ्यावर बसून असत. त्यांना दुसरं काम नव्हतं असं नाही, पण आपली मुलगी डॉक्टर झाली आहे हे रोज थोडा वेळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तनुजाने दाढ ठोकून पाहिली. नागोरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काका, रूट कॅनाल करावं लागेल. एका बैठकीत संपवू, पण वेळ लागेल. लांबचं काम असलं की मी पेशंटच्या आवडीचं म्युझिक लावते, म्हणजे टेन्शन येत नाही. तुम्हाला काय ऐकायला आवडतं?"

नागोराव आ वासून तिच्याकडे पाहत राहिले. तोंड आधीच उघडं असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

यवतमाळकडून पुण्याला येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत पुण्याने त्यांना पुष्कळ विचारलं. मूळचे कुठले, आडनाव काय, जागा स्वतःची की भाड्याची, मुलगा हुशार आहे म्हणता तर इथेच कसा. तुम्हाला काय आवडतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. आता ते विचारलं गेलं, आणि विचारणारीच्या हातात सुई होती.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

कोणाही शहाण्या माणसाने इथे "जुनी हिंदी गाणी" असं सांगून विषय मिटवला असता. नागोरावांना ते शक्य नव्हतं. का शक्य नव्हतं हे कळण्यासाठी गुणग्राहक श्रवण मंडळाची माहिती असणं आवश्यक आहे. ही माहिती मंडळ स्वतःहून कोणाला देत नाही.

मंडळ म्हणजे तात्याराव. तात्याराव सदाशिव पेठेतले. मुक्ताई सोसायटीत राहायला येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण आपण वारज्यात राहतो असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "सध्या तिकडे असतो," असं ते म्हणत, जणू पाटबंधारे खात्याने त्यांची बदली केली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या दिवाणखान्यात जुन्या बैठकांच्या टेपा ऐकल्या जात. तात्याराव सोडून सभासद बाराच, कारण लोड बाराच मावतात. एकदा तंबोरा सुरू झाला की राग संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा मंडळाचा एकमेव आणि कडक नियम. एका गृहस्थांना मध्येच आठवलं की घरी गॅसवर दूध राहिलं आहे, आणि ते उठले. दूध वाचलं. त्यांना पुढच्या महिन्याचा निरोप मात्र गेला नाही, आणि त्यानंतर कधीच गेला नाही.

सभासद नसलेल्यांसाठी दाराजवळ, चपलांच्या शेजारी, दोन खुर्च्या असत. त्यातल्या एकीवर नागोराव सहा वर्षं बसत होते. पुण्यातलं आधीचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात एका अडतीच्या पेढीवर, कांद्याच्या लिलावाच्या गलक्यात गेलेलं. इतक्या शांतपणे बसून काही ऐकायचं असतं हेच त्यांना निवृत्तीनंतर कळलं. कळल्यावर मात्र त्यांनी जीव लावून ऐकलं. त्यांच्यासाठी तात्यारावांकडे एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी पाहुणा आला की ते हात दाखवून म्हणत, "हे आमचे नागोराव. यवतमाळकडचे, पण गाणं ऐकतात." पाहुणा कौतुकाने मान हलवी. नागोरावही हसत, आणि त्या रात्री त्यांना जेवण जात नसे.

तर गेल्याच महिन्यात मंडळाचे एक सभासद मुलीकडे न्यू जर्सीला कायमचे गेले आणि एक लोड रिकामा झाला. नागोरावांनी सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं. तात्यारावांनी चष्मा पुसला. "बघू. माणसाची आवड काय आहे ते बघून ठरवू," असं ते म्हणाले. आणि आता पंधरा दिवसांच्या आत एक डॉक्टरीणबाई तोच प्रश्न घेऊन उभी होती. हा योगायोग नव्हे, ही परीक्षा आहे, अशी नागोरावांची खात्री झाली.

घरी मंदाकिनीबाईंना यात परीक्षा वगैरे काही दिसेना. पुण्यात तीस वर्षं राहूनही त्यांनी आपली बोली घराच्या आत जशीच्या तशी ठेवली होती.

"त्यात कायचा इचार करता? न्हातानी ते खंजिरीवरचं भजन म्हन्ता न तुमी रोज? तेच लावा म्हना."

"हळू बोल," नागोराव खिडकी लावत म्हणाले.

"काहून? भजनच होय न थे. चोरी थोडीच हाय."

चोरी नव्हती. गावाकडे देवळाच्या ओट्यावर खंजिरी वाजायला लागली की लहानपणी नागोराव ताटावरून उठून पळत. पण ही गोष्ट तात्यारावांच्या कानावर गेली असती तर यवतमाळकडचे या शब्दानंतर पुढे काही बोलायची गरजच उरली नसती. म्हणून ते भजन बाथरूममध्ये, नळ सोडून, म्हटलं जाई.

दरम्यान सोसायटीने कामाला सुरुवात केली होती. कौशल्याबाई त्यांच्या महाराजांच्या मंत्राची सीडी घेऊन आल्या. तिने त्यांच्या जावेचा मूतखडा विरघळवला होता. दाढेचं काय होईल याची त्यांना खात्री नव्हती, पण ऐकून नुकसान काही नाही, असं त्या म्हणाल्या. साईनाथचं मत पडलं की गणपतीतलं ढोलपथक लावावं, म्हणजे मशीनचा आवाजच येणार नाही. आनंदने सांगितलं, "बाबा, एक प्लेलिस्ट बनवा, सिंपल आहे," आणि त्याला दुसरा कॉल आला म्हणून फोन ठेवला. नागोरावांनी सगळ्यांचे आभार मानले आणि गाल धरून तात्यारावांकडे गेले.

तात्यारावांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही, हे त्यांच्याबाबतीत मान्य केलंच पाहिजे. त्यांनी टीव्ही बंद केला.

"दाढ वरची की खालची?"

"खालची."

"मग खर्जाचं काम हवं. तारसप्तक थेट दातात जातं. बरं, ते मशीन कुठल्या पट्टीत लागतं?"

नागोरावांना हे माहीत नव्हतं. आपल्याला किती साध्या साध्या गोष्टी माहीत नाहीत याची लाज वाटून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेले आणि बाहेरच्या सोफ्यावर, जयसिंगरावांच्या शेजारी, कान देऊन बसले. आत कोणाची तरी दाढ कोरली जात होती.

"नंबर हाय का तुमचा?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नाही. आवाज ऐकतोय."

जयसिंगरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सोफ्यावर थोडं पलीकडे सरकून बसले.

संध्याकाळी नागोरावांनी अहवाल दिला. मशीन काळी दोनच्या आसपास लागतं, दातावर टेकलं की थोडं उतरतं. तात्यारावांनी डोळे मिटले. मग उठून त्यांनी कपाट उघडलं, आतलं दुसरं कपाट उघडलं, आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट बाहेर काढली. कोणा मोठ्या बुवांची, कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेली बैठक होती ती. बुवांचं नाव तात्याराव कानाच्या पाळीला हात लावून इतक्या आदराने उच्चारत की ते कोणालाच ऐकू जात नसे.

"मारवा," ते म्हणाले. "मंडळातही दोनदाच लावला आहे. आपल्याला ऐकायचा असेल तर दोन गोष्टी. सुरू केला की मध्ये थांबवायचा नाही. आणि ही टेप एकटी कुठे जात नाही. मी बरोबर येईन."

तात्याराव स्वतः येणार, बाहेर बसून ऐकणार. नागोरावांचा गाल तेवढ्यापुरता दुखायचा थांबला. रिकामा लोड त्यांना आता अगदी हाताच्या अंतरावर दिसत होता.

"वेळ काय दिली आहे डॉक्टरांनी?"

"सकाळी अकरा."

तात्यारावांनी कॅसेट रुमालात गुंडाळली आणि कपाटात परत ठेवली. सूर्यास्ताचा राग सकाळी अकराला ऐकणारा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि या वयात पाहायची त्यांची इच्छाही नव्हती.

त्यामुळे नागोराव तिसऱ्यांदा दवाखान्यात गेले. रिसेप्शनवर अपेक्षा नावाची मुलगी होती. तिने संगणकात पाहिलं. संध्याकाळी सगळे आयटीवाले ऑफिस सुटल्यावर येतात, त्यामुळे संध्याकाळच्या वेळा भरलेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात एक होती.

"पण काका, तुम्हाला पेन आहे ना? उद्या सकाळी करून टाका की. सकाळी काय प्रॉब्लेम आहे?"

"मारवा संध्याकाळी गातात," नागोराव म्हणाले.

"ओके," अपेक्षा म्हणाली. आजकालच्या मुली वयस्कर माणसांना जसं ओके म्हणतात तसं म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यातली वेळ लिहून घेतली.

तो आठवडा नागोरावांनी मऊ भातावर काढला. गाल सुजून एका बाजूला आला. रात्री ठणका वाढला की ते गॅलरीत फेऱ्या मारत. मंदाकिनीबाई अंथरुणातून विचारत, "काहून हो, दात तुमचा अन् टाइम त्या तात्यारावांचा?" उत्तर द्यायला जबडा उघडत नव्हता. या शहरात माणसाला चार लोकांत नीट बसायला मिळावं म्हणून काय काय सोसावं लागतं ते एकेकाचं एकेकालाच ठाऊक असतं. नागोरावांनी निदान ते सूज घेऊन सोसलं, म्हणजे लोकांना दिसलं तरी.

दुसरी अडचण दवाखान्यातच निघाली. तिथे कॅसेट वाजत नव्हती. सीडी चाले, पेन ड्राइव्ह चाले. कॅसेटचं नाव ऐकून तनुजाने "अय्या, हे अजून मिळतं?" असं विचारलं, आणि ते नागोरावांनी तात्यारावांपासून लपवलं. आनंद म्हणाला, वीकेंडला करून देतो. वीकेंडला त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज निघालं. मग तात्याराव आणि नागोराव रिक्षाने शहरात एका दुकानात गेले. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "चार दिवसांनी या."

"जरा लवकर झालं असतं तर..." नागोराव गाल धरून म्हणाले.

"मग पाच दिवसांनी या."

तात्यारावांनी समाधानाने मान हलवली. असा माणूस काम चोख करतो, असं ते परतताना म्हणाले. चोख म्हणजे किती, तर त्याने त्या सलग मारव्याचे नऊ तुकडे करून सीडीवर ओळीने बसवले होते. हवा तो भाग पटकन सापडावा, एवढाच त्याचा हेतू होता. हे तुकडे केल्याचं त्याने कोणाला सांगितलं नाही. ग्राहकाला जास्त माहिती दिली की तो प्रश्न विचारतो, एवढं तो धंद्यात शिकला होता.

ठरलेल्या दिवशी सूर्य खाली जायच्या बेताला तिघं दवाखान्यात पोचले. तात्यारावांनी झब्बा घातला होता. बाहेरच्या सोफ्यावर जयसिंगराव होतेच, समोर टीव्ही चालू होता. तात्यारावांनी सीडी दोन्ही हातांनी अपेक्षाला दिली. नागोराव आत जाण्यापूर्वी एकदा मागे वळले. तात्याराव सोफ्यावर मांडी घालून, डोळे मिटून, तयार बसले होते. मंदाकिनीबाई माशांकडे पाहत होत्या.

भुलीचं इंजेक्शन झालं. ओठ लाकडाचा झाला. तोंडात कापूस, नळी, आणि दोन माणसांचे हात. तनुजाने अपेक्षाला सांगितलं, "काकांचं म्युझिक लाव गं." अपेक्षाने सीडी सारली आणि बटण दाबलं. दवाखान्यात एरवी हिंदी गाणी वाजत, आणि तीच तीच गाणी त्याच त्याच क्रमाने ऐकून कंटाळा येतो म्हणून ते यंत्र गाणी मनाला येईल तशी उलटसुलट लावायच्या बेतावर ठेवलेलं होतं. तसंच ते राहिलं.

मारव्याची सुरुवात झाली ती शेवटापासून. तंबोरा नाही, आलाप नाही, बुवा एकदम भयंकर वेगात तानांच्या मागे तान टाकत निघाले. तबलजी त्यांच्या पाठीमागे धावत होता. खाली मशीन सुरू झालं, आणि खरोखरच काळी दोनमध्ये लागलं. नागोराव ताठ झाले. पाचेक मिनिटांत तिहाई घेऊन बुवा समेवर आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"संपलं वाटतं," तनुजा म्हणाली. "छान होतं हं काका."

नागोराव घशातून आवाज काढत होते. तेवढ्यात कोणी खोकलं, आणि तबला ठोकून जुळवल्याचा आवाज आला. मग मधलाच एक तुकडा लागला. मग त्याच्या आधीचा. नागोरावांच्या एव्हाना लक्षात आलं होतं. तोंड उघडं, डोळे दिव्यात, हात पोटावर जखडलेले, आणि तशा स्थितीत ते आलेला प्रत्येक तुकडा मनात आपल्या जागी नेऊन ठेवू लागले. हा बंदिशीच्या पुढचा. हा त्याच्यानंतरचा. हा वेग वाढतो त्याच्या अलीकडचा. चपलांजवळच्या खुर्चीवर बसून सहा वर्षांत त्यांनी काय कमावलं होतं ते त्यांना स्वतःलाही त्याच दिवशी कळलं. त्यांना सबंध मारवा पाठ होता. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण तोंडात नळी होती.

"झालं काका. उठा," तनुजाने हातमोजे काढले.

नागोराव उठले नाहीत. सुरुवातीचा आलाप अजून यायचा होता. बाहेर तात्याराव बसलेले होते. राग संपायच्या आत आपण दार उघडून बाहेर आलो तर सगळं संपलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी हात वर करून थांबा अशी खूण केली. तनुजाला वाटलं चक्कर येते आहे. तिने खुर्ची आडवी केली आणि रक्तदाब घेतला. तो वाढलेला होता. नागोरावांनी वर स्पीकरकडे बोट दाखवलं. तिने आवाज बारीक केला. नागोरावांनी दोन्ही हात हलवले. तिने तो बंदच करायला हात पुढे केला, तेव्हा ते अर्धे उठून कापसातून ओरडले, "शंपू द्या!"

पुढचा पेशंट दारात येऊन उभा होता. गावठाणातल्या सोजरबाई, जयसिंगरावांची चुलती, पदराने अख्खा जबडा बांधलेला.

"आवो दादा, उठा की," त्या म्हणाल्या. "माझं डोस्कं फुटाया लागलंय. घरी जाऊन आयका त्ये रडगाणं."

नागोरावांनी हात जोडले. भूल उतरायला लागली होती. आधी ओठाला मुंग्या आल्या, मग गाल जागा झाला, आणि मग खाली खोल काहीतरी हळूहळू पेटत गेलं. तीस वर्षं शुद्ध बोललेल्या माणसाच्या तोंडून "आवो माय, मेलो न वं" असं स्पष्ट बाहेर पडलं. आणि त्याच वेळी तो शेवटचा, म्हणजे पहिला, तुकडा लागला.

बुवांनी खाली खर्जात एक सूर लावला. घाई नाही, कोणाला काही दाखवायचं नाही. घर समोर आहे आणि आत जाता येत नाही अशा माणसासारखे ते षड्जाच्या, म्हणजे मूळच्या 'सा'च्या, भोवती भोवती फिरत राहिले आणि त्याच्यावर येऊन टेकेनात. नागोरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यात निम्मं दाढेचं होतं. निम्मं नव्हतं. मंडळात हा आलाप दोनदा ऐकताना त्यांचं अर्धं लक्ष तात्यारावांच्या मानेकडे होतं, ती हलली की आपली हलवायची म्हणून. आज मान हलवायला जागाच नव्हती. तुम्हाला काय ऐकायला आवडतं, याचं उत्तर त्यांना सापडलं होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

आलाप संपला. नागोराव उठले, सोजरबाईंना नमस्कार केला, आणि गालाला रुमाल लावून बाहेर आले.

बाहेर भारताच्या दोन विकेट पडलेल्या होत्या. सोफ्यावर मंदाकिनीबाई एकट्या बसल्या होत्या.

नागोरावांनी भुवया उंचावून सोफ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"ते आजोबा?" अपेक्षा म्हणाली. "ते तर तुम्ही आत गेल्यावर लगेच गेले. मॅडमच्या बाबांबरोबर. वरचा हॉल बघायला."

नागोरावांनी बोट वर केलं. स्पीकर.

"बाहेरचा बंदच असतो काका. मॅच आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव घरी आले. तब्येत विचारायला आले असतील म्हणून नागोराव धडपडत उठले.

"सीडी कुठे आहे?"

"दवाखान्यातच..."

"एकटी सोडलीत?"

नागोरावांना बोलताना त्रास होत होता, तरी ते बोलले. रात्रभर त्यांनी ते वाक्य तयार केलं होतं. "तात्याराव, यंत्राने तुकडे मागेपुढे केले होते. पण शेवटी तो पहिला आलाप आला, आणि मला वाटतं मी तो पहिल्यांदाच..."

"म्हणजे आपण बुवांना उलटं ऐकलंत," तात्याराव म्हणाले. "हे बाहेर कुठे बोलू नका."

मंदाकिनीबाईंनी चहा आणून ठेवला. तात्यारावांनी तो बशीत ओतला. लोडाचं ठरलं आहे, असं त्यांनी सांगितलं. जयसिंगराव. मंडळाच्या बैठका यापुढे त्यांच्या वरच्या हॉलमध्ये होतील. एसी आहे, पार्किंग आहे, मोठे स्पीकर ते स्वतः बसवून देणार आहेत.

"त्यांना गाण्याची आवड आहे?" नागोरावांनी विचारलं.

"आवड निर्माण करता येते, नागोराव. हॉल निर्माण करता येत नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "आपली खुर्ची आहेच. तिला कोणी हात लावणार नाही."

मंदाकिनीबाईंनी कपबशी उचलली आणि जरा जास्त वेळ घासली.

पुढच्या महिन्यात हॉलमध्ये पहिली बैठक झाली. तिला नागोराव का गेले असं कोणी विचारेल. सहा वर्षांची सवय, दुसरं काय. शिवाय तात्यारावांनी तोच मारवा लावायचं ठरवलं होतं, मूळ टेपेवरून, सलग, सूर्यास्ताला. हॉल मोठा होता. लोडांच्या जागी गुबगुबीत कोच आले होते, आणि आता तिथे वीसजण सहज मावले असते, पण सभासद बाराच राहिले. नागोरावांची खुर्ची दार आणि पाण्याचं यंत्र यांच्यामध्ये ठेवली होती.

तंबोरा सुरू झाला. बुवांनी तो सूर लावला. नागोरावांनी डोळे मिटले, आणि त्याच क्षणी जयसिंगरावांचा मोबाइल वाजला. चांगला मोठा वाजला.

"हां, बोल," जयसिंगराव कोचावर रेलूनच म्हणाले. "न्हाय, न्हाय. जेसीबी उद्याच लाव. त्या झाडाचं बघू मागनं. मी हाय न्हवं इथं? काय न्हाय, गाणं चाललंय." मग ते उठले, बोलत बोलत सगळ्यांच्या मधून गेले, खिडकीशी उभं राहून आणखी दोन माणसांशी बोलले, आणि परत येऊन बसले. तोपर्यंत बुवांचा आलाप संपून बंदिश सुरू झाली होती.

अकरा सभासदांनी तात्यारावांकडे पाहिलं. तात्याराव हसले. "कामाचा माणूस आहे," ते शेजाऱ्याला हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. अकरा माना हलल्या.

नागोराव उठले.

राग चालू असताना ते आयुष्यात पहिल्यांदा उठले होते. आता सगळ्या माना वळतील, तात्याराव डोळे उघडतील, आणि उद्यापासून आपल्याला निरोप येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना हवं होतं. काही बोलायची वेळ आली तर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं. ते दाराशी गेले आणि दार सताड उघडून उंबऱ्यात उभे राहिले.

तात्यारावांनी डोळे उघडले. नागोरावांकडे सरळ पाहिलं. मग एक बोट वर केलं.

"दार ओढून घ्या," ते म्हणाले. "एसी चालू आहे."

नागोराव बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आत ऐकणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, अगदी हळू.